पाचवं चाक

शारजाच्या बाहेर, सजाच्या वाटेवर
(सजा म्हणजे आपल्याकडे शिक्षा; इस्माईल दर शुक्रवारी
तोच विनोद करतो, मी दर शुक्रवारी हसते)
पत्र्याच्या कुंपणाआड ते उभं होतं:
तीस फुटी, मळकट पांढरं,
पुढून मान वर उचललेलं घर.
कुणी कॅनेडियन ड्रिलिंगवाला सोडून गेलेला.
खिडकीला अजून त्याच्या बायकोचे
लिंबांच्या चित्रांचे पडदे.

मी आधी फ्रीज उघडला, मग नळ.
नळ खोकला.
मुआज शिडीवरून वरच्या पलंगावर गेला
आणि जाहीर केलं, हे माझं.
आम्ही एकोणीस वर्षं भाड्याच्या भिंतीत
घड्याळासाठी खिळा ठोकायचा
तर मालकाला विचारतो.

पाचवं चाक म्हणतात, पण ते चाक नाहीच.
पिकअपच्या पाठीवर, मागच्या आसाच्या बरोबर वर
ग्रीस फासलेलं लोखंडी ताट.
घराच्या हनुवटीखालचा जाडजूड खिळा
त्याच्या खाचेत जाऊन बसतो.
खट्ट.
एवढ्या आवाजावर सगळा संसार.

कुंजुमोन दलाल म्हणाला, ही काळी घ्या मॅडम,
डोंगर ओढेल.
इस्माईल तिच्या बॉनेटवरून हात फिरवत
निकाह ठरल्यासारखा हसत होता.

मी ड्रायव्हरचं दार उघडलं.
चौकटीवर एक स्टिकर असतो, तो कुणी वाचत नाही.
मी फार्मसीत गोळ्या मोजते. मी वाचते.
पाठीवर सातशे चाळीस किलो. बस.

पावतीच्या मागे मांडलं:
घर रिकामं, चार हजार सहाशे.
पाणी, गॅस, गाद्या, तांदूळ, सुके सोडे,
मुआजची सायकल, पाच हजार दोनशे धरा.
त्याचा पाचवा हिस्सा खिळ्यावर. हजार चाळीस.
अजून इस्माईल बसायचाय, ब्याण्णव
(तो पंच्याऐंशी सांगतो).
अजून मी बसायचेय.

त्याचे आजोबा हर्णैचे तांडेल.
कौलं भरून बसऱ्याला जायचे, खजूर घेऊन यायचे,
माल कमी पडला तर तळात दगड. नीरम.
रिकामं गलबत आधी कलंडतं,
हे मी लग्नापासून ऐकतेय.
मी विचारलं, आणि जास्त भरलेलं?
तो जरा थांबला.
पाण्याची रेघ बघितल्याशिवाय
ते नांगर उचलायचे नाहीत, म्हणाला. नाखुशीने.
ती रेघ इथे लिहिलीय, मी म्हटलं,
आणि स्टिकरवरची धूळ ओढणीने पुसली.

इतका वेळ ट्रेलरखालून फक्त चपला दिसत होत्या.
आता त्यांचा माणूस बाहेर आला, झरीन गुल, स्वातचा,
हात चिंधीला पुसत.
ओढायला काय, बीबी, सगळ्याच ओढतात.
जबल जैसच्या उतारावर विचारा तिला,
थांबशील का?

कुणी बोललं नाही.
तिकडे दोन घरांचे स्लॅब, तीन नणंदांची लग्नं,
सासऱ्यांचा मोतीबिंदू,
दर दोन वर्षांनी व्हिसा.
इस्माईलने काळीवरचा हात काढून खिशात घातला.

कोपऱ्यात एक करडी उभी होती.
मागे दोन्ही बाजूंना जोड चाकं, रुंद ढुंगणाची,
दारावर कुठल्याशा कंपनीचं नाव खरवडलेलं.
किंमत अकरा हजार जास्त.
स्टिकर: दोन हजार दहा.
कुरूप आहे, इस्माईल म्हणाला.
आहे, मी म्हटलं.

लावून तर बघू, कुंजुमोन म्हणाला,
आणि मी मागे उभी राहिले, हात वर करून,
आण, आण, डावीकडे, अजून वीतभर,
अरे तुझी डावी, आण,
वरून मुआज लिंबांच्या पडद्याआडून ओरडतोय,
बस्स!

खट्ट.

झरीनने वाकून टॉर्च मारली.
बसलं. आता हळू ओढा.

आरशात मला इस्माईलचे डोळे दिसले.
त्याने गिअर टाकला, चारेक हात पुढे गेला,
आणि आधी
ब्रेक दाबून पाहिला.